'डोया' ही चूक नव्हे

कळसाडी हे शहादा तालुक्यातले गाव. त्याच्या नावात 'ळ' आहे, आणि या प्रकरणाची सुरुवात त्याच अक्षरापासून करायची आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या या भागात प्रमाण मराठी भेटते ती शाळेत आणि सरकारी कागदांवर. घराघरांत अहिराणी, गुजर बोली, भिली, पावरी अशा बोली नांदतात. अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडी 'ळ' चा बहुधा 'य' होतो. डोळ्याला 'डोया' म्हणायचे, शाळेला 'शाया', काळ्याला 'काया'.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. वाचा-उपचाराचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी या भागातल्या चार वर्षांच्या मुलासमोर बसली आहे. मूल उशिरा बोलायला लागले आणि त्याचे बोलणे बाहेरच्यांना नीट कळत नाही, म्हणून आई त्याला घेऊन आली आहे. विद्यार्थिनी एकेक चित्र पुढे करते आणि मुलाचा उच्चार तक्त्यात टिपते. डोळ्याचे चित्र येते. मूल म्हणते, "डोया." तक्त्यातल्या 'ळ' च्या रकान्यात आता फुली मारायची की बरोबरची खूण?

पुण्या-मुंबईत वाढलेल्या विद्यार्थिनीचा हात फुलीकडे जाईल. मागे बसलेल्या आईला तिने तेच चित्र दाखवले, तर आईही सहज म्हणेल, "डोया." मग तो उच्चार दोष कसा ठरेल? मुलाने आपल्या घरची भाषा अचूक उचलली आहे. तेच मूल 'दोया' म्हणाले असते, तर मात्र नोंद करावी लागली असती. कारण त्याच्या घरात कोणी 'ड' चा 'द' करत नाही. बोलीतला फरक कोणता आणि वाणीतला दोष कोणता हे ओळखणे हा या व्यवसायाचा पाया आहे. नुसत्या पुस्तकावर तो पक्का होत नाही. त्यासाठी माणसांसमोर बसावे लागते, चुकावे लागते आणि ती चूक वेळीच दाखवणारे कोणीतरी जवळ असावे लागते. विद्यार्थी या सगळ्याला 'पोस्टिंग' म्हणतात. अभ्यासक्रमाच्या भाषेत ते चिकित्सालयीन प्रशिक्षण.

ते कसे चालते, आणि ते कुठे चालते यावर कळसाडीसारख्या गावातल्या मुलांचे काय काय अवलंबून असते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

काचेपलीकडचा शिक्षक

भारतात या शिक्षणाची सुरुवात 1960 च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत मुंबईत झाली, टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नायर रुग्णालय इथे. 1965 मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था उभी राहिली. 1983 मध्ये मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय श्रवण संस्था सुरू झाली. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि पदावर असतानाच 1976 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे पुण्यात भारती विद्यापीठासारख्या संस्थांनीही हे अभ्यासक्रम सुरू केले. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. तेव्हापासून अभ्यासक्रमाला मान्यता आणि व्यावसायिकाची नोंदणी परिषदेकडे आहे.

पदवीचे नाव बीएएसएलपी. कान तपासणे आणि वाणी सुधारणे ही दोन्ही कामे तीत एकत्र शिकवली जातात. पदवी चार वर्षांची असते. तीन वर्षे वर्ग आणि चिकित्सालय जोडीने चालतात आणि चौथे पूर्ण वर्ष इंटर्नशिपचे. त्या वर्षात विद्यार्थी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात, कर्णबधिर मुलांच्या शाळेत, विशेष मुलांच्या केंद्रात, शिबिरांत असे फिरत राहतात.

पहिले काम असते ते नुसते पाहण्याचे. ज्येष्ठ विद्यार्थी किंवा शिक्षक रुग्णाशी कसे बोलतात, मूल रडले तर काय करतात, आईला कुठे बसवतात, हे टिपायचे. त्यानंतर केस हिस्टरी घ्यायला शिकायचे. कागदावर हे प्रश्न अगदी साधे वाटतात. बाळ जन्मल्याबरोबर रडले का? काचेच्या पेटीत ठेवावे लागले का? कावीळ झाली होती का? लग्न नात्यातले का? मान केव्हा धरली, बसायला केव्हा लागले, पहिला शब्द कोणता? पण 'लग्न नात्यातले का' हे सासूच्या देखत सुनेला विचारले, तर ती गप्प होते, आणि बाळ जन्मल्यावर रडले नाही हे सांगताना आईचा आवाज कापतो. त्या क्षणी लिहिणे थांबवून तिच्याकडे पाहायचे असते, हे कोणत्याही छापील नमुन्यात लिहिलेले नसते.

त्यानंतर विद्यार्थिनीला स्वतःची 'केस' मिळते. आठवड्यातून दोन-तीन वेळा तेच मूल, तीच आई, पाऊण तासाची बैठक. आदल्या दिवशी आराखडा लिहून द्यायचा. उद्या कोणते शब्द घ्यायचे, कोणत्या खेळातून घ्यायचे, दहापैकी किती वेळा बरोबर आले म्हणजे पुढच्या पायरीवर जायचे. अनेक प्रशिक्षण केंद्रांत थेरपीच्या छोट्या खोलीला एकतर्फी काच असते. पलीकडे पर्यवेक्षक बसतात. त्यांना आतले सगळे दिसते, आतल्या मुलाला मात्र ते दिसत नाहीत. बैठक संपली की चर्चा होते. "मूल तीनदा खिडकीकडे पाहत होतं, तुला दिसलं का?" "तू विचारलंस आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर दिलंस. पाच आकडे मोजायचे, मग बोलायचं." नव्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जातात ते हे पाच आकडे. शांतता त्याला अपयशासारखी वाटते. मुलाला मात्र शब्द जुळवायला तेवढाच वेळ हवा असतो.

पर्यवेक्षकाने किती बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, यावर जगभर बराच विचार झाला आहे. अमेरिकेतल्या जीन अँडरसन यांनी 1988 च्या आपल्या ग्रंथात त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी पर्यवेक्षक सांगतो आणि विद्यार्थी करतो, पुढे दोघे मिळून ठरवतात, आणि शेवटी विद्यार्थी स्वतःच्या कामाचे परीक्षण स्वतः करू लागतो. प्रशिक्षण किती हवे याची मोजमापे देशोदेशी वेगळी आहेत. अमेरिकेत व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी 400 तास लागतात, त्यांपैकी 25 निरीक्षणाचे आणि 375 प्रत्यक्ष रुग्णासोबतचे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला काय काय जमते यावर भर असतो. तिथले 'कंपास' नावाचे मूल्यमापन साधन त्यासाठीच तयार झाले. त्यात विद्यार्थ्याचा विचार, संवाद, शिकण्याची वृत्ती आणि व्यावसायिक वागणूकही जोखली जाते. आपल्याकडे तासांची नोंद लॉगबुकात होते, तिच्याखाली पर्यवेक्षकाची सही असते आणि वर्षाअखेरीस परीक्षकासमोर खराखुरा रुग्ण तपासून दाखवावा लागतो.

आरसा आणि पपई

या प्रशिक्षणातली एक छोटी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे.

जगभरात सुमारे दर सातशे जन्मांमागे एक बाळ दुभंगलेले ओठ किंवा टाळू घेऊन येते. शस्त्रक्रियेने फट बुजते. पण मऊ टाळू बोलताना नीट वर उचलली गेली नाही, तर तोंडातून जायची हवा नाकातून निसटते आणि मूल गेंगाणे बोलते. हवा निसटते का, हे पाहायला महागडे यंत्र नेहमी हाताशी नसते. एक छोटा थंड आरसा पुरतो. तो मुलाच्या नाकाखाली आडवा धरायचा आणि त्याला शब्द म्हणायला लावायचे. काचेवर वाफ धरली, तर हवा नाकातून आली.

आता शब्द कोणते घ्यायचे? नवशिकी विद्यार्थिनी विचारते, "तुझं नाव सांग." मूल सांगते आणि आरसा धुरकट होतो. पण तो निरोगी मुलाचाही झाला असता. 'म', 'न', 'ण' ही अनुनासिके. त्यांची हवा नाकातूनच जाते. त्यामुळे 'माझं नाव' म्हणताना काचेवर वाफ धरली, तर त्यातून काहीच कळत नाही. त्यासाठी अनुनासिक नसलेले आणि तोंडात हवेचा दाब लागणारे शब्द हवेत. पाठ्यपुस्तकातली यादी इंग्रजी असते. मराठीत 'पोपट', 'टोपी', 'काका', 'पाटी' चालतात.

शहाद्याकडच्या मुलासाठी मात्र याहून जवळचे शब्द आहेत. हा पट्टा पपईचा, केळीचा, कापसाचा आणि उसाचा. 'पपई' या शब्दात दोनदा 'प' आहे आणि एकही अनुनासिक नाही. 'कापूस' मध्ये 'क', 'प', 'स' तिन्ही दाबाचे उच्चार. आरशाच्या परीक्षेसाठी याहून चांगले शब्द शोधून सापडायचे नाहीत, आणि मुलाने या वस्तू रोज पाहिलेल्या असतात. नंदुरबारचा मिरची बाजार प्रसिद्ध आहे, पण 'मिरची' या कामी येत नाही, कारण ती 'म' ने सुरू होते. चित्रांच्या संचात लिफ्ट, पिझ्झा, समुद्रकिनारा असेल आणि मूल गप्प बसले, तर त्याला भाषा येत नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. विळा, टोपले, पपई, बैल दाखवून पाहिल्याशिवाय तो निष्कर्ष काढता येत नाही. ही समज त्या शिवारात जाऊन आलेल्या विद्यार्थिनीला येते.

आयोवाचा धडा

विद्यार्थ्याच्या हाती माणसाची वाणी द्यायची, तर त्यावर कडक देखरेख का लागते, याचे एक दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या आयोवा राज्यात घडले. 1939 साली आयोवा विद्यापीठातले प्राध्यापक वेंडेल जॉन्सन तोतरेपणाचा अभ्यास करत होते. ते स्वतः तोतरे बोलत. मुलांच्या साध्या अडखळण्याला मोठ्यांनी दोष म्हटले की त्यातूनच तोतरेपणा जन्मतो, असे त्यांचे मत होते. ते तपासण्याचे काम त्यांनी मेरी ट्यूडर या पदव्युत्तर विद्यार्थिनीवर सोपवले. डॅव्हेनपोर्टच्या अनाथालयातली 22 मुले निवडली गेली. त्यांपैकी काही मुले नीट बोलत होती, तरीही त्यांना वारंवार सांगण्यात आले की तुमचे बोलणे बिघडले आहे, अडखळणार असाल तर बोलूच नका. ती मुले बोलायला बिचकू लागली आणि वर्गात गप्प राहू लागली. ट्यूडर नंतर पुन्हा अनाथालयात गेल्या आणि झालेली हानी भरून काढण्याचा प्रयत्न केला, पण तो अपुरा पडला.

ट्यूडर यांचा या प्रयोगावरचा प्रबंध अनेक वर्षे ग्रंथालयात पडून होता. 2001 मध्ये एका वृत्तपत्राने ही हकिगत उजेडात आणली आणि विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. 2007 मध्ये आयोवा राज्याने पीडितांना 9 लाख 25 हजार डॉलर भरपाई मान्य केली. ज्यांना विचारायला आईबाप नव्हते अशीच मुले तेव्हा निवडली गेली होती.

आज आपल्याकडे विद्यार्थ्याने रुग्णाला हात लावण्यापूर्वी संमती घेतली जाते, नावे गुप्त राहतात, अहवालावर नोंदणीकृत तज्ज्ञाची सही लागते. पण संमतीचा कागद इंग्रजीत किंवा जड मराठीत असेल आणि समोरची आई भिली बोलणारी असेल, तर तिचा अंगठा उमटला म्हणून संमती मिळाली असे म्हणता येणार नाही. आपण शिकत आहोत, आपल्यामागे अनुभवी तज्ज्ञ आहेत, आणि नको वाटले तर नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे, हे तिला तिच्या भाषेत समजेल असे सांगणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण 69 टक्क्यांहून अधिक. त्याच जनगणनेत देशभरात ऐकण्याची अडचण असलेले सुमारे 50 लाख 70 हजार आणि बोलण्याची अडचण असलेले सुमारे 20 लाख लोक नोंदले गेले. प्रशिक्षित तज्ज्ञांची गर्दी मात्र मोठ्या शहरांत आहे.

या जिल्ह्यात विद्यार्थ्याला कोणत्या अडचणी भेटतील? कान वाहणारी मुले भेटतील. पावसाळ्यात सर्दी, मग कानात पू, मग घरगुती उपाय म्हणून कानात घातलेले तेल. वर्षभर कान फुटलेला राहिला की ऐकू कमी येते आणि मूल वर्गात मागे पडते. सगळ्यांना वाटते, पोर 'ढ' आहे. कुपोषणामुळे वाढ मंदावलेली मुले भेटतील, बोलणेही उशिरा येणारी. टाळू दुभंगलेली मुले असतील. तंबाखूच्या सवयीतून तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेले आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा बोलायला, गिळायला शिकणारे रुग्ण असतील. घास गिळायला शिकवणे हे कामही वाचा-उपचारतज्ज्ञाकडे असते हे बहुतेकांना ठाऊक नसते. पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागत असेल, तर ते पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मान कशी ठेवायची, पातळ पदार्थ किती दाट करायचा, हे तज्ज्ञ शिकवतो.

आणखी एक आजार इथे विशेष लक्षात ठेवावा लागतो, तो सिकलसेल. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात तो मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मेंदूची रक्तवाहिनी अडली, तर लहान वयातही पक्षाघात होतो आणि कालपर्यंत बडबड करणारे मूल शब्द हरवून बसते. कानाच्या आतल्या भागाचा रक्तपुरवठा अडला, तर ऐकणे जाते. मुंबईच्या ओपीडीत पक्षाघातानंतर वाचा गेलेला रुग्ण बहुधा साठीतला दिसतो. नंदुरबारात तो दहा वर्षांचा असू शकतो, हे मनात नसेल तर विद्यार्थी योग्य प्रश्न विचारणारच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत सिकलसेल, श्रवणदोष आणि वाचा-भाषा अक्षमता हे तिन्ही आहेत.

सरकारी व्यवस्थेचा सांगाडा उभा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्यातली फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. जन्मजात बहिरेपण, दुभंगलेली टाळू, भाषेचा उशीर या गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे असते, आणि त्या केंद्राच्या मंजूर पदांत श्रवण-वाचा तज्ज्ञाचे पद आहे. नंदुरबारला 2020 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

अडचण येते ती सातत्याची. बहिरेपणाच्या बाबतीत जगभर 1-3-6 हा नियम पाळला जातो. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून मिळू शकते. शस्त्रक्रिया काही तासांत होते. त्यानंतर आवाज म्हणजे काय, हाक म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, हे शिकवणारी थेरपी मात्र काही वर्षे, आठवड्याला एकदा-दोनदा चालावी लागते. शहाद्याला रेल्वे नाही. मुंबई रात्रभराच्या प्रवासावर. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. अशा कुटुंबाला 'दर मंगळवारी या' असे सांगणारा आराखडा पहिल्याच महिन्यात कोलमडतो. मग आईलाच थेरपिस्ट बनवावे लागते. भाकरी थापताना, पाणी भरताना, फडात बसल्या बसल्या मुलाशी काय बोलायचे, कसे थांबायचे, हे तिला करून दाखवावे लागते. हे दाखवणे येण्यासाठी विद्यार्थ्याने तिचा दिवस कसा जातो ते एकदा तरी पाहिलेले असले पाहिजे.

हुल्लहळ्ळीची वाट

असे प्रशिक्षण आपल्या देशात घडते आहे. म्हैसूरच्या संस्थेने गावांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्वतःची सेवा केंद्रे उघडली. म्हैसूर जिल्ह्यातले हुल्लहळ्ळी, मंड्या जिल्ह्यातले अक्किहेब्बाळू, चामराजनगर जिल्ह्यातले गुंबळ्ळी. नवजात बाळांच्या कानांची चाळणी, शाळांतली तपासणी आणि थेरपी गावपातळीवर नेण्याचा हा प्रयत्न. विद्यार्थ्यांना तिथे आशाताईंबरोबर काम करायला मिळते. चकचकीत ध्वनिरोधक खोलीऐवजी बाहेर गुरे हंबरत असताना कान तपासावे लागतात. आवाज कमी करायला जुगाड काय करायचा आणि तपासणी विश्वासार्ह नसेल तर ती पुन्हा कधी करायची, हा निर्णय तिथे विद्यार्थी घ्यायला शिकतो.

प्रत्यक्ष रुग्णाची जागा दुसरे काही घेऊ शकेल का, याचाही शोध चालू आहे. ऑस्ट्रेलियातल्या काही विद्यापीठांनी मिळून केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोस्टिंगचा सुमारे एक पंचमांश वेळ नकली परिस्थितीतल्या सरावाला दिला गेला, म्हणजे रुग्णाची भूमिका करणारे नट, रचलेले प्रसंग. त्या विद्यार्थ्यांचे कौशल्य इतरांपेक्षा कमी भरले नाही. ही उमेद देणारी गोष्ट आहे, कारण पहिल्या चुका नटासमोर झालेल्या बऱ्या. पण उरलेले चार हिस्से खऱ्या माणसांसोबतच लागले. आणि 'डोया' म्हणणारे मूल नटाला उभे करता येत नाही, जोवर ते मूल कोणी ऐकलेलेच नाही.

भाषेचे हे काम आपल्याकडे जुन्या पायावर करता येईल. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग 1907 मध्ये निघाला. त्यात भिली बोली आणि खानदेशी यांची नोंद आहे. 'स' च्या जागी 'ह' येणे हे भिली बोलींचे ओळखीचे लक्षण. तेही एखाद्या अजाण तक्त्यात दोष म्हणून टिपले जाऊ शकते. भाषाशास्त्रज्ञाला शतकाहून अधिक काळ ठाऊक असलेली गोष्ट थेरपीच्या तक्त्यापर्यंत पोहोचवण्याचे काम शिकणाऱ्या मुलामुलींकडून होऊ शकते. इंटर्नशिपच्या वर्षात प्रत्येकाने शंभर शब्दांची चित्रयादी एका बोलीत तयार केली, निरोगी मुलांचे उच्चार ध्वनिमुद्रित केले आणि ते पुढच्या तुकडीच्या हाती दिले, तर पाच वर्षांत अहिराणी, पावरी, मावची, भिली या बोलींची वापरता येईल अशी साधने तयार होतील. "तुझं नाव काय?" ऐवजी "तुनं नाव काय शे?" असे विचारल्यावर अहिराणी घरातल्या मुलाचा चेहरा कसा खुलतो, हे ज्याने एकदा पाहिले, तो ही यादी आनंदाने करेल.

कळसाडीसाठी काय हवे

महाराष्ट्रातल्या वाक्-श्रवण महाविद्यालयांनी इंटर्नशिपच्या वर्षातले किमान दोन महिने आदिवासी जिल्ह्यात ठेवावेत. दोन दिवसांचे शिबिर नको. शिबिरात दोष सापडतो, उपचार होत नाही, आणि आईच्या हाती फक्त एक चिठ्ठी उरते. विद्यार्थ्यांच्या तुकड्या एकामागून एक येत राहिल्या, मागच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीला मिळाली आणि जिल्हा केंद्रातला तज्ज्ञ कायम पर्यवेक्षक म्हणून राहिला, तर वर्षाचे बाराही महिने एखाद्या तालुक्याला सेवा मिळेल. राहण्याची सोय, प्रवासभत्ता आणि आठवड्यातून एकदा शहरातल्या शिक्षकांशी व्हिडिओवरून चर्चा, एवढ्यावर हे उभे राहू शकते. आश्रमशाळांमधून बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींना ही पदवी माहीत करून देणे तितकेच महत्त्वाचे आहे. पावरी बोलणारी थेरपिस्ट पावरी घरातूनच आली, तर आपल्या बोलीतला फरक कोणता आणि दोष कोणता हे तिला कोणी शिकवावे लागणार नाही.

वाचकांपैकी कोणी कळसाडीत, शहाद्यात किंवा अशाच दुसऱ्या गावात राहत असेल, तर त्यांच्यासाठी चार गोष्टी. बाळाच्या कानांची चाळणी तपासणी जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी होऊ शकते, ती दुखत नाही आणि बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते. कान वाहत असेल तर तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'याचा बाप पण उशिरा बोलला' म्हणून थांबू नका. अंगणवाडीताईंना सांगा, तपासणी पथक कधी येणार ते विचारा, आणि जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तिथे एखादी शिकाऊ मुलगी वही घेऊन समोर बसली, तर तिच्याशी तुमच्या घरच्या बोलीत बोला आणि मूल घरी कसे बोलते ते तिला ऐकवा.